हौसावन्सं मागून चालतात

दुपारची भांडी पालथी घालून शालन सोप्यात आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती रोज स्वतःला बजावते आणि रोज घोरते. आज मात्र या कुशीवरून त्या कुशीवर चाललं आहे. ऊन उतरलं की वनरक्षक कांबळे मॅडम उत्तर घ्यायला येणार आहेत. उत्तर तसं तिच्याजवळ तयार आहे, ‘नाही’ म्हणून. पण ‘नाही’ म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि शालनचं तोंड अशा वेळी नेमकं शिवल्यासारखं होतं.

आंबेदऱ्याचं राखीव जंगल गावाला लागूनच आहे. त्यात पावण्यारावळ्यांना फिरायला साध्यासोप्या पायवाटा आहेत. एक तळ्याला वळसा घालून येते, एक जांभळीच्या सावलीतून ओढ्यापर्यंत जाते, एक देवराईला शिवून परत फिरते. चढ नाही, कडा नाही, गुडघेदुखीच्या माणसानंही गप्पा मारत जावं. गावातल्या बायकांचा गट शहरातल्या लोकांना तिथं हिंडवून आणायचा. सगळ्यांच्या पुढं हौसाबाई, म्हणजे शालनची थोरली नणंद, आणि कुणी मागं राहू नये म्हणून शेवटाला शालन. हौसाबाई तरण्यापणी माहेरी परत आल्या त्या जन्मभर इथंच राहिल्या. पुढं घरात दोघीच उरल्या. नणंद-भावजय म्हटलं की लोक भांडण हुडकतात. भांडणं व्हायचीच, पण एका ताटात जेवता जेवता व्हायची.

यंदा पावसाच्या आधी हौसाबाई गेल्या आणि वाटांवरचं येणंजाणं थांबलं. न चाललेली वाट मोडायला किती वेळ लागतो? एक पावसाळा पुरतो. आता दिवाळी होऊन गेली आहे आणि मॅडमचं म्हणणं आहे, की गटातलं कुणी पुढं चालणार असेल तर वाटा ठेवू, नाहीतर कायमच्या बंद करू. सगळ्या बायकांनी शालनकडं बोट दाखवलं. शालन म्हणते, मला कुठं वाट ठाऊक आहे? मला वन्संची पाठ ठाऊक आहे.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज हळूहळू ओढ्याचा होतो.

“सरक की गं जरा. सगळा सोपा काय तुझ्या बापाचा?”

शालन सवयीनं सरकते. सरकल्यावर तिच्या ध्यानात येतं, की शेजारी हौसाबाई बसल्या आहेत. जाताना नेसवलेलं नवं लुगडं अंगावर नाही, जंगलात जायचं ते विटकंच आहे, आणि त्या काष्टा खोचताहेत.

“वन्सं! तुमी तर…”

“व्हय, गेले. मग? गेल्या माणसानं परत फिरकू नये आसं कुटं लिवलंय?”

शालनला वाटतं, भ्यायला पाहिजे. पण भीती येतच नाही. मनात येतं ते एवढंच, की घरात दूध आहे का.

“चा टाकू?”

“नगं. चा पीत बसलो तर ऊन डोक्यावर यील. ऊठ, चल.”

उंबऱ्यापलीकडं अंगण नाही. उंबरा ओलांडला की थेट ऐनाची झाडं लागतात. झाडांच्या मधोमध गावातली पिठाची गिरणी चालू आहे. आत माणूस नाही, दळण नाही, तरी पट्टा फिरतो आहे आणि भोवतालच्या पाल्यावर पीठ बसतं आहे. हौसाबाई एका रुंद पानावर बोटानं रेघ ओढतात.

“जल्मभर ह्येच केलंस बग. आयत्या पिठावर रेघोट्या. मी वाट हुडकायची आनि तू मागनं गानी म्हनत यायचं.”

“तुमीच म्हनायचा की, शेवटाला भरवशाचं मानूस लागतं म्हनून!”

“लागतं. आज शेवटाला मी हाय. पुढं हो.”

शालन हो-नाही करते, पदर सावरते, वहाणेत खडा गेल्याचं सोंग करते. हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. शेवटी शालन पुढं होते. कधी नाही ते तिच्यासमोर कुणाचीच पाठ नसते, नुसतं रान असतं. मागून ओळखीची पावलं वाजतात आणि ओळखीची कुरकुरही.

“पुढच्याला ठेच, मागचा शाना म्हनत्यात. मी एवढ्या ठेचा खाल्ल्या. तू कवा शानी व्हायची?”

वाट दोन्हीकडं फुटते आणि शालन थांबते. या रानातली जुनी रीत अशी, की जो पुढं असेल त्यानं हिरवी डहाळी मोडून, जिकडं जायचं नाही त्या वाटेवर आडवी टाकायची. मागच्यांनी विचारायचं काम नाही. शालननं आयुष्यभर ती डहाळी पडलेलीच पाहिली आहे. आत्ताही ती वाकून शोधते.

“डहाळी न्हाई, वन्सं.”

“कोन टाकनार? तुझा सासरा?”

“तो तुमचा बाप हुता!”

“म्हनूनच ठावं हाय. त्यो टाकनार न्हाई.”

शालनला हसू येतं आणि हसता हसता ती डावीकडं बघते. त्या बाजूनं ओलसर, कुजका वास येतो. तिकडं झऱ्याची दलदल आहे. एकदा एक पावणा फोटोसाठी तिकडं घुसला होता आणि गुडघ्यापर्यंत रुतला होता, त्याचा एक बूट अजून आत असेल. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, ते तिचं तिलाच माहीत आहे. ती करंजाची एक डहाळी मोडते आणि डावीकडं आडवी टाकते.

मागून नुसतं “हं” येतं. हौसाबाईंच्या तोंडचं “हं” म्हणजे शाबासकीच.

उजवीकडची वाट तालुक्याच्या दवाखान्यातून जाते. फरशीवर पाचोळा पडला आहे, खाटांमधून करवंदीच्या जाळ्या वाढल्या आहेत, सलाईनच्या दांडीला गुळवेल चढली आहे. हौसाबाईंचे शेवटचे दिवस गेले त्या खिडकीजवळच्या खाटेपाशी शालन थबकते. हौसाबाई मात्र त्या खाटेकडं बघतसुद्धा नाहीत.

“हितली खिचडी लई अळनी,” त्या म्हणतात. “चल म्होरं.”

“मला करमत न्हाई, वन्सं,” शालन एकदम बोलून जाते. “भाकरी थापाय बसले की हात आपसूक दोगींचं पीठ घेतो. बोलाय कुनी न्हाई. भांडाय तर न्हाईच न्हाई.”

हौसाबाई मागूनच तिच्या पाठीवर हात ठेवतात. हात गरम आहे, चुलीपुढून उठून आल्यासारखा.

“मला तरी कुटं करमतंय गं! पर तिकडं वाटा बऱ्या हायत. चढच न्हाई. गुडघं कुरकुर करत न्हाईत. फकस्त बरुबरची मंडळी लई गप. येकजन उलटं बोलंल तर शपत.”

दवाखाना मागं पडतो आणि तळं लागतं. पाणी स्थिर आहे. तळ्याच्या टोकाला वाट पुन्हा दोन्हीकडं फुटते. एक काठाकाठानं गावाकडं उतरते, ती शालन ओळखते. दुसरी देवराईत शिरते. ती वाट चांगली रुंद आहे, झाडून काढल्यासारखी, आणि आत कोवळं ऊन पडलं आहे. अशी वाट इथं कधीच नव्हती.

शालन डहाळी मोडते. कुठं टाकायची ते तिला कळतं आणि कळल्यामुळंच हात अडतो. कारण हौसाबाई तिला ओलांडून त्या रुंद वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या आहेत.

“टाक की.”

“टाकली तर तुमी पलीकडं ऱ्हाशीला.”

“मी पलीकडंच हाय, शालन. टाकली काय आनि न टाकली काय.”

“मग आसू द्या की उगडी. मला वाटंल तवा यीन.”

“आनि त्यांचं काय?”

शालन वळून बघते. तिच्या मागं माणसं उभी आहेत, टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली. एका आजोबांनी नातीचा हात धरला आहे. पुढची बाई काय करते इकडं सगळ्यांचं लक्ष आहे.

“तुझ्या मागं मानसं हायत आता,” हौसाबाई म्हणतात. “त्येंनी कुटं जायाचं न्हाई, ते सांगाय कुनीतरी लागतं. आनि तुलाबी इतक्यात यायचं न्हाई. सांगून ठेवते.”

शालनच्या डोळ्यांतून धारा लागतात. पुसायला हात मोकळा नाही. ती वाकते आणि डहाळी त्या सुंदर वाटेवर आडवी ठेवते.

पलीकडून हौसाबाईही खाली बसतात.

“वाकडी टाकलीस,” त्या म्हणतात, आणि डहाळी सरळ करून तिच्या बुंध्यावर एक धोंडा ठेवतात. “आशी. वाऱ्यानं हलाय नगं.”

डहाळीवरून त्या शालनच्या गालाला हात लावतात, कडाकडा बोटं मोडतात, आणि उठून चालू लागतात. शालन हाक मारणार, एवढ्यात कुणीतरी तिलाच हाक मारतं.

“शालनताई! आहात का घरात?”

पंखा गरगरतो आहे. ऊन सोप्याच्या पायरीपर्यंत उतरलं आहे आणि पायरीवर कांबळे मॅडम उभ्या आहेत. शालन धडपडत उठून बसते, डोळे पुसते, लुगडं सारखं करायला जाते, आणि तिच्या बोटाला काहीतरी टोचतं.

लुगड्याचा काठ कुसळांनी भरला आहे. रानातल्या वाळल्या गवताची लांब, पिवळी कुसळं, घोट्यापासून वर वीतभर, विणल्यासारखी. धुतलेलं लुगडं तिनं सकाळीच घडी मोडून नेसलं होतं. त्यानंतर ती चुलीपासून सोप्यापर्यंत, एवढीच काय ती हिंडली आहे.

“अरे वा,” मॅडम हसतात. “वाट बघून आलात वाटतं?”

शालन काठाकडं बघत राहते.

“तळ्याच्या वाटंनं जाऊन आले,” ती म्हणते. “उद्या सकाळी आना पावनं. पुढं मी चालते.”

“खरंच? आणि शेवटाला कोण?”

“शेवटाला तुमी या,” शालन म्हणते. “चुकायचं भ्या न्हाई. जिकडं डहाळी आडवी दिसंल, तिकडं जायाचं न्हाई. कितीबी वाटलं तरी जायाचं न्हाई.”

एवढं बोलून तिला रडू फुटतं, आणि रडत रडतच ती एकेक कुसळ उपटायला लागते. मॅडमना काय झालं ते कळत नाही. त्या पायरीवर टेकतात, काठाचं दुसरं टोक मांडीवर ओढून घेतात आणि तिकडून काढू लागतात.