येऊ दे, येऊ दे... बस्स

मोठ्या काकांच्या दुकानातून सायकल घेऊन निघालेला माणूस वाटेत पडला, असं आमच्या भागात कधी झालं नाही. त्याचं कारण साधं होतं. सायकल दुरुस्त झाली, गिऱ्हाईकाने हँडल हातात घेतलं, की काका म्हणायचे, "थांबा जरा." मग पाना घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळून बघायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तर कुरकुरायचं, पण काका हलायचे नाहीत. "सैल नट दिसला की मला चैन पडत नाही," म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

मोठे काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक शटर आणि आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं एवढी जागा. वर दोरीला टायर टांगलेले, खाली पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, भिंतीवर खिळ्यांना मापाप्रमाणे अडकवलेले पाने. वाकड्या चाकाचा आऊट काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाक स्टँडला लावायचं, रिमजवळ खडू धरायचा, चाक गरकन फिरवायचं, खडू जिथे लागला तिथला आरा किंचित आवळायचा, समोरचा किंचित सैल करायचा, की पुन्हा फिरवायचं. मला बघता बघता जांभया यायच्या. "घाई केली की चाक रुसतं," काका म्हणायचे आणि परत खडू धरायचे.

वरच्या मजल्यावर काका एकटे आणि खाली आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "राहून गेलं." जणू दळण आणायचं राहून गेलं. बाबा बसमध्ये कंडक्टर होते. मागच्या दारातून पुढच्या ड्रायव्हरपर्यंत आवाज पोचवण्यात त्यांची हयात गेली. बाबा निवृत्त झाले तरी तो आवाज काही निवृत्त झाला नाही. घरातले कांदे संपलेत हे त्यांनी आईला सांगितलं की गल्लीलाही कळायचं.

आणि हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं ते असं. आजी वर काकांकडे राहायची आणि संध्याकाळी मालिका बघायला खाली यायची, कारण तेव्हा टीव्ही फक्त आमच्याकडे होता. एका संध्याकाळी ती जिन्यात पडली. जिन्यातला दिवा गेलेला होता. त्या दुखण्यातून आजी उठली नाही. घरात माणसं जमलेली असताना बाबा काकांना म्हणाले, "एक बल्ब बदलायला झाला नाही तुला." काका म्हणाले, "तुझ्या टीव्हीपायी गेली ती." दोघंही रडत होते. रडताना तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, असं त्या दोघांनी ठरवून टाकलं. मी म्हणते, का नाही घेता येत? तोंडात जीभ आहे ना? पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण.

दुसऱ्याच दिवशी काकांनी जिन्यात नवा बल्ब लावला. पुढे तो कधी जाऊ दिला नाही, जादाचा एक कपाटात कायम तयार. बाबांनी त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवला नाही. 'दादा' ही हाक आमच्या घरातून गेली ती गेलीच. बाबा माझ्याशी बोलताना 'तुझे काका' म्हणायचे आणि काका 'तुझे वडील'. भरलेला डबा मी वर न्यायचे, रिकामा मीच खाली आणायचे; त्यासाठी वरच्या घराची एक किल्ली आमच्या खुंटीला असायची. टपाल खात्यात नोकरी करायची मला वेगळी गरजच नव्हती.

उरला टीव्ही. पुढे काकांनी स्वतःचा एक लहान टीव्ही घेतला, पण गच्चीवरची अँटेना दोघांत एकच होती. ती काकांनीच फार पूर्वी बसवलेली. मोडीत निघालेल्या एका सायकलचा पुढचा भाग, म्हणजे हँडल ज्यात फिरतं ती नळी, छऱ्यांसकट त्यांनी कठड्याला पक्की केली होती. त्यात खांब, वर अँटेना, आणि खाली चक्क सायकलचं हँडल. ते वळवलं की अँटेना वळायची, आणि हवी तिथे आली की नट आवळून टाकायचा.

आता गंमत बघा. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. गच्चीची वाट काकांच्या घरातून, तेव्हा फिरवायला काकांनीच जायला हवं. पण काका गच्चीवर गेले की चित्र आलं का ते बघायला त्यांच्या घरात दुसरं माणूस नाही. ते सांगायला हवं बाबांनी. मग बाबा, खिडकीतून टीव्ही दिसेल असे अंगणात उभे राहून, ओरडायचे, "गेलं!"

वर चपला वाजायच्या. "आता?"

"मुंग्याच आहेत. येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बस्स!" अगदी बस मागे घेताना ड्रायव्हरला सांगावं तसं.

"आलं का?"

"आलं, पण बातम्यांची बाई दोन-दोन दिसतेय."

"मग?"

"थोडं मागे. आता एकच आहे."

"आवाज?"

"आवाज स्वच्छ."

हे दिवसाआड चालायचं. तेवढ्यात मालिका निम्मी संपून जायची आणि माझा पारा चढायचा. पण खरं सांगायचं तर माझ्या वडिलांचं आणि काकांचं या जगात एवढंच बोलणं उरलं होतं. त्यात जेवलास का नव्हतं, बरा आहेस का नव्हतं, पण आवाज तर होता. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजसुद्धा करायची नाही.

मग जाहीर झालं की जुनं प्रसारण बंद होणार, डिजिटल येणार, आणि टीव्हीला बॉक्स जोडला नाही तर पडदा नुसता खरखरत बसेल. गल्लीत जो तो तज्ज्ञ झाला. "आम्ही मागितलं होतं का?" असं सलूनवाला प्रत्येक गिऱ्हाईकाला वस्तरा हातात धरून विचारायचा, त्यामुळे गिऱ्हाईक मुकाट मान डोलवायचं. निवृत्त मास्तरांनी विज्ञान कसं पुढे चाललंय ते समजावून सांगितलं आणि स्वतःचा बॉक्स मात्र उलटा जोडला. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी बॉक्स घ्यायला साफ नकार दिला. जुनं बंद झालं त्या संध्याकाळी त्या मुंग्यांसमोर नेहमीच्या वेळी खुर्ची टाकून बसल्या. "बघू कोण आधी कंटाळतंय," म्हणाल्या. चार दिवसांनी जावयाने बॉक्स आणला तेव्हा त्यांनी तो उपकार केल्यासारखा घेतला.

ज्यांनी बॉक्स बसवला त्यांच्या तक्रारी निराळ्या. चित्र इतकं लख्ख आलं, की बातम्यांच्या बाईचं वय कळलं म्हणून इस्त्रीवाला बिचारा दोन दिवस गप्प होता. एका घरात चित्र आधी आणि दुसऱ्या घरात मागून पोचायचं, त्यामुळे मॅच बघताना शेजारी ओरडला की आपल्याकडे गोल व्हायच्या आधीच कळायचं. भांडणं झाली त्यावरून. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो हो.

आमच्याकडे बॉक्स बसवायला एक तरतरीत फिटर आला. अँटेना जुनीच चालेल म्हणाला. मी त्याला घेऊन गच्चीवर गेले, काकाही आले. सायकलचं हँडल बघून तो हसला, खूश झाला. मग त्याने नटाला हात लावला आणि नट बोटांनीच फिरला.

"काका, हा कधी पान्याने आवळलेलाच नाही," तो म्हणाला. "नुसता हाताने बसवलाय. फुंकर मारली तरी अँटेना फिरेल."

काका रस्त्याकडे बघत होते.

"आवळू ना घट्ट?"

काय बोलणार? सायकलवाला माणूस, नट सैलच राहू दे असं कुठल्या तोंडाने सांगणार? "आवळा," काका म्हणाले. फिटरने पान्यावर सगळा भार टाकून नट असा आवळला की अँटेना आता भूकंपालाही हलली नसती. सैल नट दिसला की ज्या माणसाला चैन पडत नाही, त्याने प्रत्येक वेळी तो नट तसाच ठेवला होता.

खाली येऊन मी आईला सांगितलं. "तुला आत्ता कळलं होय?" ती म्हणाली आणि पोळी उलटली.

त्या दिवसापासून आमच्याकडे चित्र आरशासारखं. ना मुंग्या, ना दोन-दोन बायका. अंगणात कुणी ओरडलं नाही, गच्चीवर चपला वाजल्या नाहीत. "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" इस्त्रीवाल्याने कपडे देताना विचारलं. "आवाज नाही काही दिवसात." काकांचा डबा अर्धा परत यायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "भूक नाही," आणि टीव्हीही लावेनासे झाले. मला भीती वाटायला लागली, उगाच कशाला लपवू. माणूस असा मिटत जातो आणि आपण डबे मोजत बसतो.

एका रात्री जेवताना मी फुटलेच. बाबांना म्हटलं, "बातम्यांच्या बाईचे कानातले छान दिसतात ना आता? तो नट काकांनी मुद्दाम सैल ठेवला होता. इतकी वर्षं. तुमच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून. तो फिटरने आवळला आणि तुमचं दोघांचं बोलणं बंद झालं. खा आता."

बाबांनी घास हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," आई म्हणाली.

एवढ्यावर ते संपलं. मी मनात म्हटलं, दगडावर डोकं आपटून आपलंच फुटायचं.

पण त्याच आठवड्यात दूधवाला दारात आला तो सायकल हाताने ढकलत. मागच्या चाकाचा नट जवळजवळ निघालेला. "मोठ्या काकांकडूनच आणली काल," तो बाबांना म्हणाला. "थांबा जरा म्हणालेच नाहीत. दिली तशीच. त्यांना बरं नाहीये का?" तो रागावला नव्हता, घाबरला होता. बाबांनी तो नट बोटांनी फिरवून बघितला, बराच वेळ बघितला, आणि आत येऊन खुर्चीत बसले.

रविवारी संध्याकाळी मी आणि आई टीव्ही बघत होतो. काका दुकानात. बाबा कुठे गेलेत ते आईला माहीत नव्हतं, निदान तसं ती म्हणाली. एकदम चित्राचे चौकोन चौकोन झाले, मग पडदा निळा आणि त्यावर 'सिग्नल नाही'. थोड्या वेळाने बाबा धापा टाकत दारातून आत आले. सदऱ्याच्या बाहीला कोपरापाशी काळं ग्रीस, गुडघ्यांना गच्चीची धूळ. टीव्हीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. तसेच अंगणात जाऊन उभे राहिले, कोपऱ्यावरून काका येताना दिसले तरी उभेच. काका नेहमीप्रमाणे खाली मान घालून जिना चढले. वरचं दार वाजलं.

"गेलं!" बाबा ओरडले.

मग चपला वाजल्या, घरातून गच्चीवर. मी अंगणात जाऊन वर बघितलं. काका कठड्यावरून वाकले होते. कठड्यावर राहिलेला पाना त्यांच्या हातात होता.

"नट सैल झालाय," काका म्हणाले.

"वाऱ्याने झाला असेल," बाबा म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

"असेल." काकांनी पाना वर धरला. "आवळू?"

बाबांनी जमिनीकडे बघितलं. "नको. असू दे."

आता काका आत जातील असं मला वाटलं. पण ते तिथेच राहिले. आणि गच्चीवरून आजवर कधी बोलले नव्हते एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "चढताना जिन्यात दिवा लावला होतास ना?"

अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा माझ्या वडिलांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली. बाबांनी ग्रीसच्या हातानेच तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"लावला होता, दादा."

आतून आईने टीव्ही बंद केला.