पुसलेला ठसा

अप्पांचा एका माणसावर राग होता आणि तो राग आमच्या घरात राहायला असल्यासारखाच होता. टीव्हीवर क्रिकेटमध्ये अंपायर चुकला, शेजाऱ्यानं आमच्या दारात गाडी लावली, कुणाचं खोटं पकडलं गेलं, काहीही झालं तरी अप्पा फिरून त्या माणसावरच येत. आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "झालं, आला तुमचा पावणा." लहानपणी मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्यानं काय केलं ते मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

आमचं मूळ घर दिघीजवळच्या गावठाणातलं. आजोबांची जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात अप्पांना त्याच कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये नोकरी मिळाली. शॉपच्या मागे साहेब लोकांसाठी केलेलं टेनिसचं कोर्ट होतं. शिफ्ट संपली की अप्पा कुंपणाला नाक लावून उभे राहायचे. एकदा कुणी साहेब आला नाही म्हणून त्यांना जोडीला घेतलं, आणि पुढे साहेबच त्यांच्यासमोर उभे राहायला कचरू लागले. भावकीत टिंगल व्हायची, की आपल्यात लोक कुस्ती खेळतात आणि हा पांढरी चड्डी घालून माश्या मारतोय. अप्पांनी पहिला कप आणला तेव्हा हीच भावकी तो देवळात ठेवायला घेऊन गेली.

तो माणूस दुसऱ्या कंपनीचा. लातूरकडून आलेला, टूल रूममध्ये काम करणारा. कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत फायनलला बहुतेक हे दोघंच असत, कधी हा जिंकायचा, कधी तो. आणि राग धरण्याआधी ते जिवलग दोस्त होते. ही गोष्ट मात्र आई सांगायची, अप्पा नाही. सामना झाला की दोघं एकाच स्कूटरवर फिरायचे, एकमेकांना अरे-तुरे करायचे, शिव्या द्यायचे आणि सणाला एकमेकांकडे जेवायचे.

तेव्हाची कोर्टं मातीची, शेणानं सारवलेली, रेघा चुन्याच्या. रेषेवर पंच नसायचे. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्यानं त्यानं सांगायचं. समोरच्याला शंका आली तर त्यानं नेट ओलांडून यायचं आणि मातीतला ठसा बघायचा. त्याला ते 'मार्क बघणं' म्हणत. तोवर त्या ठशावर कुणी पाय ठेवायचा नाही. त्या लोकांचा हा एवढा एकच कायदा होता आणि तो सगळे पाळत. एका फायनलला, शेवटच्या सेटमध्ये, अप्पांचा चेंडू रेषेवर पडला. त्या माणसानं बाहेर म्हणून बोट वर केलं. अप्पा मार्क बघायला निघाले, पण ते नेट ओलांडून पोचेपर्यंत त्यानं बुटानं तिथली माती सारखी करून टाकली होती. अप्पा हरले. त्यानंतर ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. लग्नकार्यात समोर आला तर पंगत बदलायचे. हळूहळू खेळणंही सोडून दिलं.

मला त्या रागाचा कंटाळा यायचा. एका चेंडूसाठी माणूस आयुष्यभर इतका कडू कसा राहू शकतो, असं मी तोंडावर विचारलंही होतं. अप्पा म्हणाले होते की प्रश्न चेंडूचा नाही, दुसऱ्या कुणी ठसा पुसला असता तर मी ते दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

विसरणं मग वेगळ्याच दारानं घरात आलं. आधी मोबाइल तांदळाच्या डब्यात सापडला आणि आम्ही हसलो. मग एका सकाळी अप्पा जुना युनिफॉर्म घालून फर्स्ट शिफ्टला निघून गेले. तो कारखाना कधीच बंद झालाय, तिथे आता उंच टॉवर उभे राहतायत. मी चाकणला एका कंपनीत परचेसमध्ये काम करते. आईचा फोन आला म्हणून अर्ध्या वाटेवरून, चाकण चौकातल्या त्या ट्रॅफिकमधून, गाडी वळवून परत आले तेव्हा अप्पा बांधकामाच्या वॉचमनशी भांडत होते, की गेट उघड, माझं पंचिंग चुकेल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शरीर ठणठणीत आहे, चालू द्या, खेळू द्या, म्हणाले. मला त्या ठणठणीत शब्दाचा भयंकर राग आला. अप्पा मला मधूनमधून आत्या समजायला लागले होते. पण तो पुसलेला ठसा त्यांना रेघ न् रेघ आठवत होता.

अशात एका दुपारी ऑफिसात मला त्या माणसाचा फोन आला. आवाज थकलेला होता. काळेवाडीच्या पुढे नवीन टेनिस कोर्ट झालंय, तिथे जुन्या विजेत्यांचा प्रदर्शनी सामना ठेवलाय, मलाही बोलावलंय, पण अप्पा समोर असतील तरच मी खेळणार, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "पोरी, मला त्याला एक गोष्ट तोंडानं सांगायचीय. इतकी वर्षं धीर झाला नाही."

कुठली गोष्ट ते मी विचारलं नाही. मी अप्पांचा आजार सांगितला. त्यानं विचारलं, "मग ते पण विसरला का?"

"ते सोडून बाकी सगळं विसरत चाललेत," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की देव काही अगदीच आंधळा नाही. अप्पांना ऐकायचं होतं ते एकच वाक्य होतं, आणि ते बोलणारा माणूस स्वतःहून येत होता. फक्त अप्पांना कळतंय तोवर तो यायला हवा होता. आईनं कपाळावर हात मारला. कशाला जुनं उकरताय, चारचौघांत काही भलतंच झालं तर शोभा होईल, म्हणाली. ती भीती मलाही होती. पण अप्पा हा राग डोक्यात घेऊनच अंधारात जाणार, हे मला त्याहून सहन होत नव्हतं.

मी अप्पांना सांगितलं, तो येणार आहे. अप्पा उठून सरळ बसले. रोज सकाळी मी पुन्हा सांगायचे आणि रोज ते तितकेच नव्यानं चवताळायचे. "यिऊ दे. तोंडावर इचारतो त्याला," म्हणायचे. रॅकेट बाहेर निघाली. मी तिला नव्या तारा घालून आणल्या. गच्चीत भिंतीवर चेंडू मारताना त्यांना पाहिलं आणि मी जिन्यात बसून रडले, कारण हाताला सगळं आठवत होतं.

सामना कसला, एका होऊ घातलेल्या नगरसेवकाचा वाढदिवस होता. फ्लेक्सवर त्याचा फोटो ट्रकएवढा आणि जुन्या विजेत्यांचे फोटो खाली पोस्टाच्या तिकिटांएवढे. हे 'भाऊ' आल्याशिवाय सुरुवात नाही, म्हणून सगळे म्हातारे फेटे बांधून खुर्च्यांवर ताटकळत बसले होते. कोर्ट निळं, सिंथेटिक, दिव्यांच्या उजेडात नवं कोरं. सूत्रसंचालक पोरगा हिंदी-मराठी-इंग्रजीची भेळ करून दर दोन मिनिटांनी टाळ्या मागत होता.

तो माणूस आमच्याकडे आला. मी कल्पनेत त्याला जितका उंच केला होता तितका तो नव्हता. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, एका गुडघ्याला पट्टा. त्यानं अप्पांसमोर हात जोडले. अप्पांनीही जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. बसा तुमी." त्याचा चेहरा पडला. मलाही ते लागलं. अरे-तुरेतल्या माणसाला हे तुमी म्हणजे दार तोंडावर लावणंच झालं. म्हटलं, राग शाबूत आहे, आता निदान तो ऐकून तरी घेतील. अप्पा मात्र मान उंचावून गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

भाऊ आले, शाल-श्रीफळ झालं, आणि हे दोघं कोर्टवर उतरले. आणि खरं सांगते, पहिली काही मिनिटं मी सगळं विसरले. अप्पांचा बॅकहँड रेषेला धरून गेला तेव्हा मागे कुणीतरी शिट्टी मारली. तो माणूस लंगडत धावत होता आणि चेंडू परत देत होता. लोक मोबाइल वर धरून बघत होते.

मग अप्पांचा एक चेंडू त्याच्या बाजूला, रेषेच्या बाहेर पडला. चांगला वीतभर बाहेर. पंचानं बाहेर म्हणून सांगितलं. अप्पांनी रॅकेट काखेत धरली आणि शांतपणे नेटकडे चालायला लागले. बाजूनं वळसा घालून ते पलीकडे गेले आणि वाकून त्या निळ्या कोर्टवर मार्क शोधायला लागले.

तिथे काय दिसणार. सिंथेटिकवर ठसा उमटत नाही. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. हशा झाला. सूत्रसंचालकानं माइकवर विचारलं की अंकलचं काही हरवलंय का, आणि तोही हसत हसत बघायला आत निघाला. अप्पा गुडघ्यावर बसले होते, तळहातानं ते प्लास्टिक चाचपत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो युनिफॉर्मच्या सकाळचा भाव येऊ लागला होता. मी खुर्चीतून उठले.

"थांब तिथंच," तो माणूस त्या पोरावर ओरडला. "मार्क बघितल्याशिवाय पाय ठेवायचा नसतो, कळत नाही का?"

पोरगा जागच्या जागी थांबला. हशाही थांबला. त्या माणसानं पट्टा बांधलेला गुडघा दोन्ही हातांनी धरून टेकवला आणि अप्पांच्या शेजारी बसला. दोघंही वाकून त्या कोऱ्या निळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यानं बोटानं रेषेवर एक गोल काढला, जसा ते मातीत काढत.

"हा बघ. रेषेवर आहे. पॉइंट तुझा."

अप्पांनी नीट पाहिलं, मान डोलावली आणि उठायला त्याच्या खांद्याचा आधार घेतला. पंचानं पॉइंट अप्पांच्या नावावर लावला. पुढे कोण जिंकलं ते मला खरंच आठवत नाही. मला एवढंच वाटत होतं की झालं, फिटलं, आता फक्त तोंडानं बोलायचं राहिलंय.

सामना संपल्यावर दोघं बाकावर बसले. मी अप्पांना पाणी दिलं. समोर पुढच्या जोडीचं नाव पुकारत होते. त्या माणसानं गळ्यातला नॅपकिन काढून हातात धरला आणि अप्पांकडे वळला.

"त्या फायनलला बॉल रेषेवर होता," तो म्हणाला. "मी डोळ्यानं बघितला होता. मीच पुसला तो मार्क. खरं सांगायलो. मला माफ कर."

अप्पांनी सगळं मन लावून ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते हळूच हसले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुमी कशाला पुसाल?" अप्पा म्हणाले. "तुमी तर आत्ता माझ्यासाठी खाली बसून मार्क बघितला. त्यो येगळा. त्यो माझा दोस्त व्हता. आज येनार व्हता, पर आलाच न्हाई. घाबरला असंल."

अप्पा, हेच ते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्या माणसानं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"घाबरलाच असणार," तो म्हणाला.

"तुमच्या वळखीचा हाय का?" अप्पांनी विचारलं.

"आहे थोडा."

"मग भेटला तर सांगा त्याला. मी काय बोलनार न्हाई म्हनावं, त्यो इषय बी काढनार न्हाई. लई वर्सं झाली, मला करमत न्हाई त्याच्याबिगर. एकदा घरी येऊन जा म्हनावं."

तो माणूस बराच वेळ नॅपकिनची घडी घालत राहिला.

"सांगतो," तो म्हणाला. "तुमचा निरोप सांगतो त्याला."