पायाळूची लाथ

माझा मोठा भाऊ पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून त्याच्या लाथेला गुण, असं आमच्या कामठीत मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस रविवारी सकाळी आमच्या अंगणात पालथा पडायचा आणि दादा त्याच्या कमरेत तीन लाथा घालायचा. पैसा घ्यायचा नाही. वहिनी वर चहा पाजायची. फुकटात मार आणि चहा दोन्ही मिळतात, असं मी चिडवायचो.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलानं आलं. आधी पाठीत ठणका लागला. मग नागपुरात सदर भागातल्या दुकानात, जिथं मी चष्मे विकायचो, माझी चप्पल पायातून निसटायची आणि गिऱ्हाईक मला सांगायचं. एकदा न्हाताना पायावर कढत पाणी पडलं. फोड आला तेव्हा मला कळलं.

दादा म्हणाला, उसण आहे. मीही पालथा पडलो. पहिल्या रविवारच्या लाथेनं पाठीतून थेट अंगठ्यापर्यंत वीज गेली, आणि मी ओरडलो तसा तो खूश झाला. नस मोकळी झाली म्हणाला. दुसऱ्या रविवारी त्यानं जरा जोरात मारली. तिसऱ्या रविवारी मी मातीत तोंड खुपसून त्याला आईवरून शिवी दिली, आणि उठायला गेलो तर पाय उठेनात. संध्याकाळपर्यंत लघवीही बंद झाली.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या आतच गाठ होती. डॉक्टरांनी पाठ फाडली, निघेल तेवढी गाठ काढली, उरलेलीवर पुढं सव्वा महिना रेडिएशन दिलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी एकटा असताना मी त्यांना लाथेचं विचारलं. ते म्हणाले, लाथेनं गाठ होत नसते, ही कितीतरी वर्षं वाढत होती, पाय आज नाही तर महिन्याभरानं जाणारच होते. पण यापुढे कुणाच्या पाठीवर असले उपाय करू नका.

थोड्या वेळानं दादा आत आला. त्याचे डोळे सुजले होते. त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणे गा?"

मी म्हणालो, "तुह्या लातेनं गेले माहे पाय."

मला कुणाला तरी मारायचं होतं. गाठीला मारता येत नव्हतं, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढलं. दुखण्यानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी नालायक झालो.

दादानं लाथ मारणं सोडलं. दारात आलेल्या माणसांना तो हाकलून द्यायचा. माझी लघवीची नळी तो धुवायचा, कूस तो बदलायचा, फिजिओथेरपीसाठी मला कडेवर घेऊन ऑटोत घालायचा आणि धरमपेठेपर्यंत धरून बसायचा. अंगाची आग व्हायची तेव्हा मी त्याच्यावर ताट फेकायचो, पेला फेकायचो. एकदा कपाळ फुटलं त्याचं. तो काही बोलायचा नाही, आणि तो बोलत नाही याचाच मला जास्त राग यायचा. वहिनी खरकटं पुसायची. असे चौदा महिने गेले.

ऑपरेशननंतर माझे पाय मेले नाहीत, नुसते बेलगाम झाले. मनात नसताना ताठ होतात आणि झटका मारतात. एका सकाळी दादा खाली बसून माझ्या पायाला पट्टा बांधत असताना उजवा पाय उडाला आणि टाच त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून बनियनवर आलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"मार," तो म्हणाला. "अजून मार. मीच केलं हाय ना हे."

तेव्हा मला माझी किळस आली. मी त्याला सगळं सांगितलं.

"कवा सांगतलं तुले डॉक्टरनं?"

मी तेही सांगितलं.

त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. मग दुसऱ्या बाजूनं. मी खाटेवरून खाली पडलो, तरी कॉलर त्यानं सोडली नाही. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. तो तिच्याकडे वळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"आईकलं का वं? मी नाई केलं. माह्या लातेनं नाई गेले याचे पाय."

वहिनीनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

दादानं दुसऱ्या दिवशी मला परत उचलून ऑटोत बसवलं. वाटेत त्यानं शिव्या दिल्या, मीही दिल्या, आणि मला फार बरं वाटलं. वहिनी मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, औषध उशाशी ठेवते आणि जाते. तिचं बरोबर आहे.