दोघांच्या वाटचं

गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, तरी माझा पाय पुरता वाकत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम रोज तो दाबतात आणि म्हणतात, “काकू, अजून थोडंसं.” त्या थोडंसंला अंतच नाही. साठ वर्षं हा पाय न सांगता माझ्याबरोबर चालला. आता खुर्चीतून उठायचं तरी त्याची मनधरणी करावी लागते. आज मी वैतागून ओरडलेच, “पुरे! नाही वाकत तो!”

पलीकडे खांद्याचं ऑपरेशन झालेले एक वयस्कर गृहस्थ भिंतीवरून बोटं वर सरकवत होते. हात कालच्याच खुणेपाशी अडला होता. ते हळूच म्हणाले, “ओरडलात ते बरं केलंत. मला ओरडता येत नाही. बायको बाहेर बसलीय, ती घाबरते.”

मॅडमनी पुन्हा गुडघा दाबला. या वेळी मी दोघांच्या वाटचं ओरडले.