कोऱ्या दारापुढची बस

कमलाक्षीबाईंना मी खरं तर फार थोडं ओळखत होतो. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर समोर, माझं इकडे. यजमान गेल्यावर त्या एकट्या कशा राहिल्या, त्यांना कशाची भीती वाटे, मनातलं त्या कुणाला सांगत, यातलं काही मी सांगू शकणार नाही. पण त्यांची मुलगी श्रीविद्या म्हणाली, "अण्णा, गल्लीत देवनागरी लिहिणारे तुम्हीच उरलात. मराठी मंडळाच्या अंकासाठी आईवर थोडं लिहा." मला लिहिता येत नाही हे तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही.

बाई कॉलेजात समाजकार्य शिकवत. पुस्तकातलं वर्गात, आणि उरलेलं गावात. दरवर्षी मुलांची एक तुकडी घेऊन त्या पापनाशमच्या बाजूच्या एखाद्या गावी जात आणि लोकांबरोबर मोहीम कशी उभी करायची ते शिकवत. कुठे पाण्याचा नळ, कुठे कालव्यातला कचरा. दुपारी मुलांच्या स्कूटर गल्लीत अशा लागत की दूधवाल्याला सायकल उचलून न्यावी लागे. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत असे, तेव्हा हाताला वळण होतं. त्यामुळे फलकांवरची तमिळ अक्षरं माझ्याकडे आली. मैद्याची खळ, ओलं कापड, बाईंच्या घरची कॉफी आणि पोरांचा गलका. त्या दुपारी आता आठवल्या की गल्ली फारच शांत वाटते.

त्यांचा एक नियम होता. पहिले काही आठवडे गावात काही बोलायचं नाही, पत्रकं वाटायची नाहीत. लोकांच्या ओट्यावर बसायचं, दिलं तर पाणी प्यायचं, परत यायचं. मुलं कंटाळत.

"मॅडम, ओट्यावर बसून मोहीम होते काय?" प्रवीणकुमार नावाच्या एका उंच मुलाने एकदा विचारलं.

"तू बसून तर बघ. तुझ्या घरी कुणी न बसता थेट भाषण ठोकलं, तर तुझी आई काय करील?"

"आई केरसुणी घेईल."

"मग?"

त्या वर्षीचं गाव कालव्याच्या काठी होतं. टाळेबंदीनंतर तिथली संध्याकाळची बस बंद झाली होती. भवानी नावाच्या बाईची मुलगी रंजना पापनाशमला बारावीत शिकत होती. क्लास संपला की ती अंधारात कालव्याच्या बांधावरून चालत येई. तिचा बाप मणी वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. त्याने सांगून टाकलं, "पोंगलपर्यंत बस आली तर ठीक. नाहीतर पोरगी घरी बसेल. परीक्षा गेली तर गेली." रंजना हे ऐकत दारात उभी होती, असं बाई मला म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या.

पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला होता. या महिन्यात आमच्याकडे बायका पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाची मोठमोठी कोलम काढतात. तुकडीतल्या साईप्रियाला कल्पना सुचली की सगळ्या रस्त्याने एका सकाळी दारोदार बसचंच कोलम काढावं आणि वर्तमानपत्रवाल्याला बोलवावं. गावच्या बायकांना ते फार आवडलं. "चाकं मी काढते, माझी गोल येतात," असली भांडणंसुद्धा झाली.

ठरल्या सकाळी मुलं उजाडायच्या आत गावात पोचली. रस्ताभर पांढऱ्या बसगाड्या उमटल्या. फक्त टोकाच्या घरापुढे जागा कोरी होती. तिथे म्हातारी माणसं राहतात, वाकवत नसेल, असं साईप्रियाला वाटलं. तिने हौसेने तिथे सगळ्यांत मोठी बस काढली, लाल-पिवळे रंग भरून.

त्या घरचा म्हातारा आठवड्यापूर्वीच, मुलं गावात नसताना, वारला होता. उत्तरकार्य व्हायचं होतं. सुतकाच्या घरापुढे कोलम काढत नाहीत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण साईप्रिया तंजावूरच्या नव्या वसाहतीत फ्लॅटमध्ये वाढलेली. तिच्या दारात कोलमचं स्टिकर, ते बारा महिने तसंच. कोरं दारही काही सांगत असतं, हे तिला कोण सांगणार?

आतून सून बाहेर आली आणि ते रंग बघून उंबऱ्यातच थांबली. मग शेजारणीने बादली आणली. एकेक करून साऱ्या रस्त्याने आपापली बस धुऊन टाकली. वर्तमानपत्रवाला आला तेव्हा रस्ता ओला होता. मणी म्हणाला, "झालं तेवढं पुरे. उद्यापासून पोरगी जाणार नाही."

दुपारी मुलं बाईंच्या ओट्यावर बसली होती. साईप्रियाचे डोळे सुजले होते. प्रवीणकुमार माझ्याकडे कापड घेऊन आला. "अंकल, 'आम्हाला क्षमा करा' असं मोठ्या अक्षरात लिहून द्या."

मी कुंचला उचललासुद्धा. बाई म्हणाल्या, "अण्णा, ठेवा तो. त्या बाईंचं दुःख रस्त्यावर टांगायचं आहे काय?" मग साईप्रियाकडे वळून, "चल. ओट्यावर बसायचं. तोंड उघडायचं नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही, सुतकाच्या घरी म्हणत नाहीत. एवढं तरी आता ठाऊक झालं ना?"

कार्य होईपर्यंत दोघी रोज गेल्या. परत आल्यावर मी विचारी, "काय झालं?" बाई म्हणत, "काही नाही. बसलो." एक दिवस म्हणाल्या, "आज पाणी दिलं." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की ही मोठी गोष्ट आहे.

कार्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरच्या सुनेने दारापुढे सडा घातला आणि स्वतः बस काढली. खिडकीत वेणी घातलेली मुलगी. शेजारच्या बाईने ते पाहून पीठ आणलं. संध्याकाळी ती सून मणीच्या दारात जाऊन म्हणाली, "माझा सासरा रोज विचारायचा, रंजना आली का घरी? त्याच्यासाठी तरी थांब." मणी थांबला. पोंगल होऊन गेला तरी थांबला, आणि तोवर रोज संध्याकाळी सायकल घेऊन पापनाशमला मुलीला आणायला गेला. शेवटी साऱ्या बायका सुनेला पुढे घालून डेपोत गेल्या. फलक नव्हताच. मुलं मागे उभी राहिली. रंजनाची परीक्षा जवळ आली असताना बस सुरू झाली. पहिल्या दिवशी आत चारच माणसं होती म्हणे, आणि त्यांतली एक साईप्रिया.

रंजना पुढे बाईंच्याच कॉलेजात आली, त्यांचाच विषय घेतला. यंदा तिची तुकडी दुसऱ्या एका गावी जायची होती. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण मुलं अजून त्यांच्याच ओट्यावर येत.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तिरुचीला श्रीविद्याकडे निघाल्या, तेव्हा मी बाहेर फलकाचं कापड ताणत होतो. तिथे गेल्यावर आठवड्याने हृदय बंद पडून त्या गेल्या. निघाल्या त्या दिवशी असं काही दिसलं नव्हतं. रिक्षात पिशवी ठेवून त्या गल्ली ओलांडून आल्या.

"अण्णा, हे रंजनाच्या तुकडीचं काय?"

"हो. उद्या न्यायला येणार आहेत."

"देऊ नका. आधी गावात ओट्यावर बसून या म्हणावं."

"रागावतील."

"रागावू द्या. कॉफी पाजा."

"बरं."

"येते, अण्णा."

"या," मी म्हणालो.