पोकळ खांबाचा भार

गवंडीकाकांना सगळे ‘टकटके’ म्हणत. दिसेल त्यावर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायची त्यांना खोडच होती. लेकीसाठी स्थळ बघायला गेले, तर व्याह्यांची भिंतही ठोकून पाहिली. बायकोने डोळे वटारले तेव्हा थांबले.

न्यायालयाच्या दर्शनी खांबांचा गिलावा करायला आले आणि सवयीने पहिला खांब वाजवला. पोकळ! दुसराही पोकळ!

“मॅडम, एवढे धिप्पाड खांब पेलतात तरी काय?” त्यांनी इंजिनिअर बाईंना विचारलं.

“काहीच नाही, काका. छत आतल्या तुळयांवर आहे. हे नुसते दिसायला. सगळे एका उंचीचे, एका जाडीचे. बघणाऱ्याला वाटावं, इथला कायदा भक्कम आहे आणि सगळ्यांना सारखा आहे.”

“म्हणजे माझ्या मिशीसारखंच,” काका पुटपुटले. पण डोक्यातला किडा वळवळतच राहिला.

दुपारी ते टोकाच्या खांबाकडे वळले, तर एक म्हातारी त्याला पाठ टेकून बसलेली. आजही निकाल नाही, पुढची तारीखच मिळाली होती.

“उठू का रे बाबा?”

काकांनी खांब वाजवला नाही.

“बसा, आजी. दुसरा आधी करतो. हा सध्या भार पेलतोय.”