मेघनाच्या फोटोतलं गाव

माझ्या आईच्या फ्रीजवर मेघनाचा फोटो आहे. म्हणजे मेघनानं काढलेला. वर्तमानपत्रातून नीट कापून चुंबकाखाली लावलेला. कोरडा हापसा, त्याला टेकून उभी एक बाई, कडेवर उघडं पोर आणि बाईची नजर अशी, की बघणाऱ्यानं हातातला चहा खाली ठेवावा. या एका फोटोवर मेघनाला परदेशातलं बक्षीस मिळालं. मी आईला म्हटलं, "माझे फोटो कधी लावले नाहीस ते." ती म्हणाली, "तुझे कुठं छापून येतात?" येतात, पण सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत. ते अहवाल प्रूफ तपासणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही.

मेघना आणि मी फोटोग्राफी एकाच वर्गात शिकलो. अंधाऱ्या खोलीत तिचा पहिला रोल मी धुऊन दिला होता. मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. (इथली नावं बदललेली आहेत, तिचंही. ती हे वाचेल ही भीती नाही, कारण ती माझा ब्लॉग वाचत नाही. तेही मला लागतंच.)

तर झालं असं, की हलाखीत जगणाऱ्या बायका-मुलांच्या फोटोंचं एक प्रदर्शन पुण्यात ठरलं. मेघनाला निमंत्रण गेलं, मला अर्जाचा फॉर्म आला. पाच फोटो, मुदत महिनाअखेर. त्या दिवशी मी ठरवलं, तिच्या फोटोतल्याच गावात जायचं, त्याच बायका गाठायच्या आणि तिच्यापेक्षा चांगला फोटो काढायचा. घरी सांगितलं, तुळजाभवानीच्या दर्शनाला जाते. नवरा म्हणाला, "तू? दर्शनाला?" आणि त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पहिला दिवस. स्वारगेटहून सकाळची तुळजापूर एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीनं जायचा विचारसुद्धा करू नका. सात तास धरून चाला. सोलापूर स्टँडवर गाडी बराच वेळ थांबते, तेवढ्यात शेंगाचटणीची पाकिटं घेता येतात. सोलापूर ते तुळजापूर रस्ता आता झकास आहे. मार्च निम्मा झाला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली काळी रानं आणि रचून ठेवलेला कडबा. ऊन मात्र आत्तापासूनच डोळ्यांवर येत होतं. टोपी, पाणी आणि ओआरएस जवळ ठेवा.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळलीत तर तुळजापुरात लॉज सहज मिळतो. मला स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. मॅनेजर काकांनी माझी कॅमेऱ्याची बॅग बघितली. "फोटोवाल्या का? गेल्या साली एक मॅडम आल्या होत्या. लई गोड बाई. जाताना आमच्या नातीचा फोटो काढून दिला बगा." भिंतीवर, गल्ल्याच्या वर, तो फोटो फ्रेम करून लावला होता. काढला चांगलाच होता. मी खोलीची किल्ली घेऊन वर गेले.

संध्याकाळी दर्शनाला गेले. गर्दी नव्हती, देवीसमोर चांगलं मिनिटभर उभं राहता आलं. काहीतरी मागायचं म्हणून डोळे मिटले, तर समोर मेघना बक्षीस घेताना. देवीच्या दारात माणसानं निदान एवढं तरी लहान असू नये. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि मुकाट झोपले.

दुसरा दिवस. तुळजापूरहून तामलवाडीपर्यंत जीप मिळते. तिथून आत आठ-दहा किलोमीटर रस्ता खराब आहे. मी रिक्षा दिवसभरासाठी आठशेला ठरवली. गावाचं नाव देणार नाही, का ते पुढं कळेल. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका शकुंतलाबाई, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना आधी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "पुन्हा फोटू? बरं, चला. पण आधी च्या घ्या."

हापशापाशी पोचलो आणि मी कॅमेरा बाहेर काढला. पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते मी माझ्या वीस वर्षांच्या कामात बघितलं नव्हतं. चार बायका बोलत उभ्या होत्या. एकीनं गळ्यातली पोत पदराआड सारली. दुसरीनं पोराचा सदरा ओढून काढला. पोरगं रडायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "रडू दे, बेस दिसतंय." तिसरी घरातून रिकामी घागर घेऊन आली आणि तिनं मला विचारलं, "डोस्क्यावर घिऊ का कंबरंवर? सिंधू कशी उभी राहिली व्हती?"

सिंधू म्हणजे मेघनाच्या फोटोतली बाई. शकुंतलाबाईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो फोटो बघून कुठल्या तरी शहरातले दानशूर लोक गाडी घेऊन आले. मोबाइलवर फोटो दाखवत दारोदार विचारत सिंधूचं घर शोधलं. तिला शिलाई मशीन दिलं, घरावर नवे पत्रे घालून दिले आणि गेले. शेजारच्या तीन घरांचे पत्रे गळकेच राहिले.

"तिचा नवरा हाय की धडधाकट," कमल नावाची बाई मला म्हणाली. वय तिशीच्या आत, हात ज्वारी काढून काढून चिरलेले. "माझा जाऊन दोन सालं झाली. दोन पोरी हायत. थोरलीला शाळंतनं काढली, धाकटीला बगायला. मग फोटू तिचा कशापायी? माझं काय कमी हाय?"

माझं काय कमी आहे. हे वाक्य मी गेलं वर्षभर रोज मनात म्हणत होते, अगदी याच सुरात. फरक एवढाच, की कमलला ते म्हणायचा हक्क होता.

सिंधूचं घर गल्लीच्या टोकाला आहे. पत्रे खरंच नवे आहेत आणि त्यांच्याखाली भट्टी तापल्यागत होतं. मशीन कोपऱ्यात, वर स्वच्छ फडकं घातलेलं. तिनं पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"चालतं का काम?" मी विचारलं.

"कुणी शिवायला टाकत न्हाय जी," ती म्हणाली. "झंपर शिवायला तुळजापूरला जात्यात, जायाचं भाडं घालून. पन माझ्याकडं येत न्हाईत. संक्रांतीला हळदीकुंकवालाबी बोलावलं न्हाय कुणी. म्या बोलावलं तर आल्या न्हाईत. वाण तसंच राहिलं."

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. मेघनाच्या त्या जगप्रसिद्ध फोटोनं एका बाईला गल्लीतून उठवलं होतं, आणि हे मेघनाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. प्रदर्शनासाठी यापेक्षा चांगला विषय कोणता? बंद मशीन, नवे पत्रे, एकटी बाई. माझा हात बॅगेकडे गेलासुद्धा.

सिंधूनं तो हात बघितला. "माझा एकटीचा नका काढू," ती म्हणाली. "काढायचाच तर समद्यांचा काढा. सारखाच. कुणाचा ल्हान न्हाय, कुणाचा मोठा न्हाय. मग कदाचित बोलत्याल माझ्याशी."

तिला पत्र्यांपेक्षा जास्त हवं होतं ते एवढंच. मी हो म्हटलं.

अंगणवाडीत शकुंतलाबाईंनी बायकांना गोळा केलं. मी स्पष्ट सांगितलं, की या फोटोमुळे मशीन मिळणार नाही, पत्रे मिळणार नाहीत, काहीच मिळणार नाही. फक्त प्रत्येकीला तिचा फोटो घरपोच येईल आणि सगळ्यांचे सारखे असतील. कमल म्हणाली, "काय मिळणारच नसंल तर भिकाऱ्यावानी कशाला काढायचा? उद्या या, लुगडी बदलून येतो."

दुपारी शकुंतलाबाईंकडे जेवले. भाकरी, झणझणीत येसर आमटी, वर कच्चा कांदा. आमटीत भाकरी कुस्करून खायची, चमच्याच्या भानगडीत पडू नका.

तिसरा दिवस. अंगणवाडीची मागची भिंत निळी आहे. तिथं एक स्टूल ठेवलं. एकोणीस बायका आल्या, पोरांना तेल लावून, पावडर फासून. कालचं ते उघडं पोर आज बटण गळ्यापर्यंत लावून आलं होतं. कमलनं मोरपंखी साडी नेसली होती. थोरल्या मुलीला तिनं शाळेचा गणवेश घातला होता, तो आता गुडघ्याच्या वर जात होता. मुलगी तो सारखा खाली ओढत होती. प्रत्येकीला दोन मिनिटं, एकच लेन्स, एकच अंतर. खरं सांगते, कंटाळवाणं काम होतं. असल्या फोटोंना कुणी बक्षीस देत नाही.

सिंधू सगळ्यांत शेवटी आली, मागं उभं राहून राहून. तोवर ऊन कललं होतं आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून एक मऊ उजेड नेमका तिच्या गालावर येत होता. मी तिला दोन मिनिटांत उठवू शकले असते. मी उठवलं नाही. स्टूल वीतभर सरकवलं. लेन्स बदलली. तिला मुलाबद्दल विचारलं, माहेराबद्दल विचारलं, थांबले, वाट बघितली. माहेरच्या आठवणीनं ती हसणार होती आणि हसली नाही, त्या क्षणी मी बटण दाबलं. मला तेव्हाच कळलं, की हा मेघनाच्या फोटोच्या दोन पायऱ्या वर आहे. घड्याळात बघितलं तर वीस मिनिटं झाली होती. बाकीच्या बायका स्वयंपाकाला गेल्या होत्या, त्यामुळे कुणी बघितलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

परतीला धाराशिव-बार्शीमार्गे आले. धाराशिवला उतरलात तर गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, इथला खवा नावाजलेला आहे. मी चार खाल्ले. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत नव्हते.

पुण्यात आल्यावर सगळे फोटो एकाच आकारात छापले, पाकिटांवर नावं घातली आणि शकुंतलाबाईंना स्पीड पोस्टानं पाठवले. आठवड्याभरानं प्रदर्शनाचा फॉर्म भरून ठेवला, पाठवायचा तेवढा बाकी होता. पहिला फोटो सिंधूचा. मुदतीला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंचा फोन आला.

"ताई, पाकिटं पोचली. पार्सल फोडलं तवा सिंधू माझ्यापाशीच व्हती. तिचा फोटू तिनं लई वेळ बगितला. मग माझ्याकडं बगितलं. मलाबी दिसलं की, समद्यांत तिचाच येगळा आलाय. तुमी सारखे काढते म्हनाला व्हता."

मी स्क्रीनवर सिंधूचा फोटो उघडला.

"तिनं तो पदराखाली घेतला आन् म्हनाली, बाई, माझा खराब निघाला म्हनून सांगा. तसंच सांगितलं म्या. तर काय सांगू, समद्या तिच्याभोवती गोळा झाल्या. कमल म्हनली, अगं जाऊ दे, पुढल्या बारीला निघंल चांगला. चार दिसांनी तिच्या धाकटीचा वाढदिवस हाय, त्याचं झबलं सिंधूकडं टाकलंय शिवायला." मग त्या म्हणाल्या, "तेवढा फोटू तुमी कुठं लावू नका ताई. गेल्या बारीला फोनवरनंच आला व्हता गावात."

फोन ठेवल्यावर मी दोन दिवस स्वतःशी भांडले. पुण्यातलं प्रदर्शन बघायला त्या गावातून कोण येणार आहे? कुणी नाही. पण एक फोन पुरतो, आणि ते मला मेघनामुळेच माहीत झालं होतं. बाकीचे अठरा फोटो पाठवावेत का, तेही बघितलं. निळ्या भिंतीपुढं ताठ बसलेल्या नटलेल्या बायका. त्या बायकांना ते आवडले आहेत, निवड समितीला आवडणार नाहीत. मुदतीच्या संध्याकाळी मी फॉर्म न पाठवताच बंद केला. मोठं मन वगैरे काही नव्हतं, रडले चांगली अर्धा तास.

त्याच आठवड्यात मेघनाचा फोन आला. निवड समितीत ती आहे, हे मला तेव्हा कळलं.

"अगं, तुझा अर्ज दिसला नाही. तू तिकडं जाऊन आलीस म्हणे?"

"गेले होते. खराब निघाले गं सगळे."

"असू दे," ती म्हणाली. "माझ्याही कितीतरी ट्रिपा अशा वाया गेल्यात. पुढच्या वेळी मला सांग, मी येते सोबत. त्या बायकांशी कसं बोलायचं ते मला आता जमतं." तिच्या आवाजात खरी माया होती. मला बरं वाटावं म्हणून ती दहा मिनिटं बोलत राहिली. माझ्या समोर स्क्रीनवर सिंधू हसणार होती आणि हसली नव्हती. मेघनापेक्षा चांगला फोटो आयुष्यात एकदाच निघाला होता, आणि मी तिला म्हणत होते, "हो गं, खरंय तुझं. पुढच्या वेळी तुलाच विचारीन."